लेबल डब्यावर की फ्रिजवर?

घरोघरी एक गोष्ट सेम असते. हॉर्लिक्सच्या बरणीत हॉर्लिक्स नसतं, उडदाची डाळ असते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुईदोरा असतो. आणि फ्रीजरमधला आइस्क्रीमचा डबा? मोठ्या आशेने झाकण उघडावं, तर आत सोललेले मटार! तरी घर बिनबोभाट चालतं, कारण कशात काय आहे ही अख्खी यादी आईच्या डोक्यात सेव्ह केलेली असते. आई चार दिवस मामाकडे गेली की सर्व्हर डाऊन. मग फोनाफोनी सुरू, 'आई, रवा कुठाय गं?'

अशा वेळी घरातला एखादा उत्साही जीव लेबलं लावायची टूम काढतो. आणि खरी गंमत इथेच सुरू होते. लेबल लावायचं कुठे? झाकणावर लावलं तर छान दिसतं, पण घासून ठेवताना झाकणांची अदलाबदल झाली की चहात मीठ पडलंच म्हणून समजा. डब्याच्या पोटावर लावलं तर सामान बदललं की जुनं लेबल नखाने खरवडत बसा. तिसरा उपाय म्हणजे डब्यांना नुसते नंबर द्यायचे आणि यादी फ्रिजच्या दारावर मॅग्नेटने अडकवायची. यादी कुणालाही सुधारता येते. पण रवा संपवून त्या डब्यात पोहे भरणाऱ्याने यादीत लिहिलंच नाही तर?

हसू नका मंडळी! अगदी हाच प्रश्न जगातल्या एका भल्यामोठ्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टला पडला होता. त्यांनी त्यावर वर्षानुवर्षं डोकं खर्च केलं आणि काढलेलं उत्तर एकदम सॉल्लिड आहे. ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये 'फायनल', 'फायनल टू' आणि 'खरंच फायनल' या फाइल्स रोज शोधणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर ते जरूर वाचावं असं.

सत्तर हजार डब्यांचं किचन

प्रोजेक्टचं नाव डेबियन. इयान मरडॉक या अमेरिकन कॉलेजकुमाराने १९९३ मध्ये हे सुरू केलं. गर्लफ्रेंड डेब्राच्या नावातला 'डेब' आणि स्वतःचा 'इयान', झालं डेबियन! (ताजमहाल बांधायचं बजेट नसेल तर हाही ऑप्शन आहे.) ही लिनक्सवर चालणारी, फुकट आणि मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम. प्रत्येक व्हर्जनला 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्राचं नाव मिळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली तेरावी आवृत्ती म्हणजे 'ट्रिक्सी'. तुम्ही उबुंटूचं नाव ऐकलं असेल. २००५ नंतरची काही वर्षं त्याच्या सीड्या पोस्टाने फुकट घरी यायच्या आणि कॉलेजात त्या मिरवायची फॅशन होती. ते उबुंटूही डेबियनच्याच पायावर उभं आहे.

डेबियनचं सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं. पॅकेज म्हणजे चक्क पार्सल. आत प्रोग्रॅम, आणि सोबत एक चिठ्ठी. नाव काय, व्हर्जन कोणतं, सांभाळतं कोण, हे चालायला आणखी कोणती पॅकेजेस लागतील, आणि दोन-चार ओळींचं वर्णन. अशी सगळी पार्सलं ज्या गोदामात ठेवतात ती रिपॉझिटरी. ट्रिक्सीच्या गोदामात ६९ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. आईच्या डोक्यालाही झेपणार नाही एवढी!

आता यात आपल्याला हवं ते शोधायचं कसं? सुरुवातीपासून एक सोय होती, ती म्हणजे सेक्शन. गेम्स, ग्राफिक्स, साउंड, असे काही कप्पे आणि प्रत्येक पॅकेज त्यांतल्या कुठल्यातरी एकाच कप्प्यात. प्रॉब्लेम तुमच्या लक्षात आला असेलच. मुलांना खेळता खेळता टायपिंग शिकवणारा प्रोग्रॅम कुठे ठेवणार? गेम्समध्ये की एज्युकेशनमध्ये? तुम्ही ज्या कप्प्यात ठेवाल, तो सोडून दुसऱ्या कप्प्यात शोधणारा माणूस हमखास भेटतो.

बरं, वर्णनातले शब्द शोधावेत, तर तिथे वेगळाच ताप. तुम्ही शोधताय 'फोटो'. लिहिणाऱ्याने लिहिलंय 'इमेज'. दुसऱ्याने 'पिक्चर' आणि तिसऱ्या भल्या माणसाने 'रास्टर ग्राफिक्स'. एकाच कामाची चार सॉफ्टवेअर्स, आणि तुमच्या हाती लागतं त्यातलं एक. बाकीची तीन असून नसल्यासारखी.

मद्रासचे लायब्ररियन आणि मेकॅनोचा फंडा

२००३ मध्ये एन्रिको झिनी या इटालियन डेबियन डेव्हलपरने यावर काम सुरू केलं. नाव ठेवलं डेबटॅग्स. आणि त्याने आयडिया कुठून उचलली असेल? आपल्या मद्रासहून!

एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथल्या सेल्फ्रिजेस या बड्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. तेच ते नटबोल्ट आणि पट्ट्या. हव्या तशा जोडल्या की कधी क्रेन होते, कधी गाडी. त्यांच्या डोक्यात ट्यूब पेटली. पुस्तकाला एकाच कप्प्यात कोंबण्यापेक्षा त्याची वेगवेगळी अंगं वेगवेगळी नोंदवली तर? विषय कशाचा, त्यात क्रिया कोणती, ठिकाण कुठलं, काळ कुठला. हे तुकडे जोडले की पुस्तकाचा पत्ता तयार. १९३३ मध्ये त्यांनी ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली आणि मधल्या विरामचिन्हावरून तिचं नाव पडलं कोलन क्लासिफिकेशन. १२ ऑगस्टला आपल्याकडे ग्रंथपाल दिन साजरा होतो तो याच गृहस्थांच्या वाढदिवसाला.

डेबटॅग्सने हाच फंडा सॉफ्टवेअरला लावला. प्रत्येक पॅकेजला काही ठरलेले प्रश्न विचारायचे. हे नक्की आहे काय? चालणारा प्रोग्रॅम, दुसऱ्या प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी, की नुसतं डॉक्युमेंटेशन? कशासाठी वापरतात? एडिटिंगला, नुसतं बघायला, की एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलायला? काम कशावर करतं? चित्रांवर, आवाजावर, मजकुरावर, ई-मेलवर? समोर दिसतं कसं? खिडक्या-बटणांचं, की काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायचं? प्रत्येक प्रश्न म्हणजे एक बाजू, एक पैलू. त्याचं उत्तर म्हणजे टॅग. लिहायची पद्धतही सोपी. आधी पैलू, मग दोन कोलन, मग उत्तर. म्हणजे 'यूज::एडिटिंग', 'वर्क्स-विथ::ऑडिओ', 'इंटरफेस::ग्राफिकल'. हे तीन एकत्र मागितले की आवाज कापायची-जोडायची, माउसने चालणारी सॉफ्टवेअर्स समोर. कप्पा एकच हवा ही कटकटच संपली!

पण चिकटवायचं कुठे?

इथवर सगळं कूल आहे. आता येतो आपला किचनमधला प्रश्न. हे टॅग ठेवायचे कुठे?

पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तो म्हणजे पार्सलच्या आतल्या चिठ्ठीत. नाव आणि वर्णन तिथेच आहे ना, मग टॅगही तिथेच लिहा. साधं, सरळ. पण जरा पुढे विचार करा. समजा एका पॅकेजचा एक टॅग चुकलाय. 'ऑडिओ'च्या जागी 'व्हिडिओ' पडलाय. दुरुस्त कोण करणार? फक्त तो सांभाळणारा मेंटेनर. हे लोक बहुतेक स्वयंसेवक, दिवसा नोकरी आणि रात्री डेबियन. त्याला ई-मेल करा, त्याच्या सवडीची वाट बघा. मग त्याने एका शब्दासाठी पॅकेजची नवी आवृत्ती काढायची, ती सगळ्या प्रकारच्या प्रोसेसरांसाठी पुन्हा बांधायची, जगभरच्या सर्व्हरांवर पोहोचवायची आणि ज्यांच्याकडे ते सॉफ्टवेअर आहे त्या सगळ्यांनी ते अख्खं परत डाउनलोड करायचं. प्रोग्रॅममध्ये एक अक्षरही बदललेलं नसताना! शिवाय पॅकेजला एक डिजिटल ठसा असतो. तो जुळला तर माल अस्सल. आतली चिठ्ठी बदलली की ठसाही बदलला.

आणखी एक अडचण. डेबियनची 'स्टेबल' आवृत्ती एकदा बाहेर पडली की पुढची येईपर्यंत साधारण दोन वर्षं तिला फारसा हात लावत नाहीत. गंभीर चूक किंवा सुरक्षेचा प्रश्न असेल तरच. म्हणजे लेबलातली चूक दोन वर्षं तशीच. आणि समजा उद्या ठरलं, की एक नवा टॅग सुरू करायचा जो पाच हजार पॅकेजेसना लागू होतो. मग काय, पाच हजार पार्सलं फोडायची?

म्हणून डेबटॅग्सने फ्रिजच्या दारावरच्या यादीचा मार्ग घेतला. टॅग पॅकेजच्या बाहेर. एक साधी टेक्स्ट फाइल. प्रत्येक ओळीत पॅकेजचं नाव आणि त्यापुढे त्याचे टॅग, बस. पॅकेज हलत नाही, यादी सुधारत राहते. आणि सुधारायला मेंटेनरच पाहिजे असं नाही. ज्याने ते वापरलंय असा कुणीही सुचवू शकतो. सांगा बरं, गुलाबजामच्या पाकिटावर कारखानदाराने काय छापलंय ते जास्त खरं, की शेजारच्या काकूंनी करून बघून सांगितलेलं?

लायब्ररीत याहून वेगळं काय असतं? पुस्तक एकाच शेल्फवर उभं राहू शकतं. पण जुन्या कार्डांच्या कपाटात त्याची लेखकाच्या नावाने, पुस्तकाच्या नावाने, विषयाच्या नावाने अशी वेगवेगळी कार्डं असायची. पुस्तकाला हात न लावता नवं कार्ड घालता यायचं.

यादीचेही नखरे असतात

यादी बाहेर काढली म्हणून सगळं आलबेल झालं असं समजू नका. एक, यादी जोडलेली असते ती पॅकेजच्या नावाशी. नाव बदललं की टॅग अनाथ. झाकणांची अदलाबदलच ही! दोन, यादीला व्हर्जन कळत नाही. सॉफ्टवेअरला नव्या आवृत्तीत माउसने चालणारा चेहरा मिळाला, तरी यादी म्हणते 'कमांड लाइन', जोवर कुणी सुधारत नाही तोवर. तीन, सगळ्यांना हात लावू दिला की दोन जण एकाच वेळी लिहिणार आणि दुसऱ्याचं सेव्ह झालं की पहिल्याचं पुसलं जाणार. ऑफिसात सगळ्यांनी मिळून एकच एक्सेल शीट भरल्यावर जो राडा होतो तोच.

तिसऱ्या भानगडीवरचं उत्तर झक्कास आहे. सुधारणा पाठवताना अख्खी यादी पाठवायचीच नाही, फक्त फरक पाठवायचा. पॅकेजचं नाव, पुढे हवा असलेला टॅग अधिकचं चिन्ह लावून आणि नको असलेला वजाचं चिन्ह लावून. माझं अधिक आणि तुमचं वजा, दोन्ही एकमेकांना धक्का न लावता मूळ यादीत मिसळतात. कुणी आचरटपणा केलाच तर तेवढाच फरक उलटवायचा.

सुचवणारे सगळे, पण शेवटचा हात तपासणाऱ्यांचा. तपासलेले टॅग मग डेबियनच्या मुख्य सूचीत जातात. ही ती सूची, जी 'ॲप्ट अपडेट' म्हटलं की तुमच्या मशीनवर उतरते. तिथे प्रत्येक पॅकेजच्या नोंदीत 'टॅग' नावाची एक ओळ येते. म्हणजे वापरणाऱ्याला वाटतं टॅग पॅकेजसोबतच आलेत, प्रत्यक्षात ते वरून जोडलेले असतात. गोदामाला हे नवं नव्हतं. पॅकेज स्वतःचा सेक्शन काहीही सांगो, गोदामवाल्यांची स्वतःची एक 'ओव्हरराइड' यादी असते आणि शेवटी चालतं तिचंच. सूचीवर डिजिटल सही होते, त्यामुळे वाटेत कुणी लेबलं बदलली तर लगेच कळतं.

आणि जागा किती खाणार? सोपा हिशेब करू. एका पॅकेजला शंभर अक्षरांचे टॅग धरा. सत्तर हजार पॅकेजेसचे झाले सत्तर लाख अक्षरं, म्हणजे ७ एमबीच्या आसपास. कॉम्प्रेस केल्यावर आणखी कमी. मोबाइलवरचे दोन-तीन फोटो, बॉस!

डिक्शनरी वेगळी ठेवा

डेबटॅग्समधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. टॅगांची यादी एका फाइलमध्ये आणि टॅगांचे अर्थ दुसऱ्या. कोणते पैलू आहेत, प्रत्येकात कोणती उत्तरं चालतील, त्यांचा अर्थ काय, हे सगळं या शब्दकोशात. त्यात नसलेला शब्द चालणार नाही. 'फोटो', 'फोटोज' आणि 'पिक्स' असे तीन टॅग जन्मालाच येत नाहीत.

त्याच काळात बाहेर नेमकी उलटी हवा होती. डिलिशियस आणि फ्लिकरवर ज्याला जो सुचेल तो टॅग. मजा यायची, पण एकाच मांजराला पाच नावं. आज प्रोग्रॅमर वापरतात त्या गोदामांमध्येही हे दोन्ही स्वभाव दिसतात. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये कीवर्ड पॅकेजच्या आत, आणि मनाला येईल ते. पायथॉनच्या पायपीआयमध्ये ठरावीक 'क्लासिफायर्स', तेही पॅकेजच्या आतच. यादीत नसलेला क्लासिफायर दिला तर पार्सल दारातूनच परत! काही कंपन्या याचा चलाख वापर करतात. 'प्रायव्हेट'ने सुरू होणारा क्लासिफायर मुद्दाम टाकतात, म्हणजे कंपनीतला कोड कुणी नजरचुकीने जगासमोर अपलोड करायला गेलाच तर पायपीआय तो घेतच नाही. पण आतल्या लेबलाचा तोटा इथेही आहेच. एकदा चढवलेल्या आवृत्तीचं लेबल बदलता येत नाही, नवी आवृत्ती काढा.

मग आत की बाहेर? भांडण मिटवायला एक साधी कसोटी पुरते. जी गोष्ट फक्त करणाऱ्याला माहीत असते आणि व्हर्जनबरोबर बदलते, ती आत. कोणतं लायसन्स, कोणत्या दुसऱ्या पॅकेजेसची गरज. जी गोष्ट वापरणारे ठरवतात, जिच्यावर मत बदलू शकतं, ती बाहेर. कशासाठी वापरतात, कुणाला उपयोगी. ॲप-स्टोअरसारख्या खिडकीत आयकॉन, स्क्रीनशॉट आणि माहिती दाखवणारी ॲपस्ट्रीम पद्धत दोन्हींचा सुवर्णमध्य साधते. माहिती लिहितो सॉफ्टवेअर करणाराच, तीही वेगवेगळ्या भाषांत अनुवाद करता येईल अशी. पण गोदाम ती प्रत्येक पार्सलमधून काढून एका वेगळ्या सूचीत गोळा करतं, म्हणजे शोधताना पार्सलं उघडत बसायला नको.

एवढा आटापिटा कशासाठी?

कुणी म्हणेल, लेबलांवर एवढं डोकं कशाला? आता विचार करा, तुम्हाला स्क्रीन दिसत नाही. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर गोदामात आहे, फुकट आहे, उत्तम आहे. पण त्याचं नाव तुम्हाला माहीत नाही आणि नावावरून काही कळतही नाही. डेबटॅग्समध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' हा एक पैलू यासाठीच आहे. 'कल्चर' हा दुसरा, वेगवेगळ्या भाषा आणि संस्कृतींसाठी बनवलेल्या पॅकेजेसचा. लेबल असेल तर ते सॉफ्टवेअर सापडतं. नसेल तर कुणीतरी वर्षभर रात्री जागून लिहिलेलं काम आणि ते हवं असणारा माणूस, दोघंही एकाच गोदामात असून एकमेकांना भेटत नाहीत.

लेबल लावणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं नाव होतं, लेबलवाला यादीत एक अधिक चिन्ह वाढवून झोपायला जातो. डेबटॅग्समध्ये तर 'अजून टॅग व्हायचंय' असं सांगणारासुद्धा एक टॅग होता! कामाची यादीही त्याच यादीत. हा प्रामाणिकपणा आपल्या किती ऑफिसांत असतो?

सोमवारी ऑफिसात ट्राय करा

फोल्डरांच्या आत फोल्डर सातव्या मजल्यापर्यंत नेऊ नका. त्याऐवजी तीन-चार प्रश्न ठरवा. क्लायंट कोण, कागद कसला, वर्ष कोणतं, स्टेटस काय.

उत्तरांची डिक्शनरी एका पानात लिहा आणि सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. 'इनव्हॉइस' की 'बिल', एकदाच काय ते ठरवा आणि भांडण संपवा.

फाइलच्या नावात फक्त न बदलणाऱ्या गोष्टी घाला. 'फायनल' ही बदलणारी गोष्ट आहे, हे आतापर्यंत सगळ्यांना पटलंच असेल! स्टेटस बाहेरच्या शीटमध्ये.

त्या शीटमध्ये प्रत्येक फाइलला नंबर द्या. नाव बदललं तरी नंबर बदलत नाही.

सुधारणा कुणीही सुचवावी, पण आठवड्यातून एकदा एकाने तपासावी. आणि तो 'एक' कायम सगळ्यात ज्युनिअरच असला पाहिजे असं काही नाही. टीम लीडनेही एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं बसायला हरकत नाही. कॉफी टीमकडून!